सगळे खोकले म्हणजे मिरची

परवा शाळेतून येताना रिक्षा बायपासला वळली आणि रिक्षावाल्याने तोंडाला रुमाल बांधला. मी समजून गेले. पुढच्या वळणावर पथाऱ्या दिसल्या. ओली मिरची वाळत घालायच्या उघड्या मैदानांना आमच्याकडे पथारी म्हणतात. गेल्या आठवड्यापर्यंत तिथे बकऱ्या चरत होत्या. परवा नजर जाईल तिथपर्यंत लाल होतं आणि त्या लालात तोंडं गुंडाळलेल्या बाया वाकून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी चित्रकलेची बाई. आमच्या नंदुरबारच्या पोरांच्या पेटीतला लाल खडू सगळ्यांत आधी झिजतो, हे मी इतकी वर्षं बघत आलेय. मिरचीचा हंगाम आला की लोकांना हुशारी येते. मार्केट भरतं, हॉटेलांत बसायला जागा मिळत नाही, लांबणीवर पडलेली लग्नं ठरतात. मला मात्र काही सुचेनासं होतं.

घरी आले, खिडक्या लावल्या. कोंदट वाटलं म्हणून उघडल्या. नाकात खाट, म्हणजे मिरचीचा तिखट भपकारा, गेली तशा परत लावल्या. चहा केला तो ओट्यावरच निवला. वह्या तपासायला घेतल्या तर एकाच हत्तीकडे कितीतरी वेळ बघत बसले. शेवटी उठले आणि कपाटातले नीट घडी घातलेले टॉवेल काढून परत नीट घड्या घालू लागले. घड्या घालता घालता हसू आलं. ही खोड कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. ती जिममधून आली.

जिम म्हणजे खताच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. भिंतीला आरसे, एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला डंबेलचा रॅक, कोपऱ्यात मारुती. चालवणारा रायसिंग. तो धडगावकडचा, पहाडातला. आईशी फोनवर पावरीत बोलतो, मार्केटच्या लोकांशी अहिराणीत आणि माझ्याशी थेट शाळेतल्या मराठीत, कारण मी बाई. आवाज कधी चढत नाही. पण त्याच्या दारातला नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. दारातच स्टूल, स्टुलावर गोडेतेलाची बाटली, एक फडकं आणि बेसनाचा डबा. हंगामात मार्केटमधून येणाऱ्याने आधी हाताला तेल चोळायचं, मग बेसन, मग पाणी. हात कितीही झोंबले तरी कोणी एकदम पाणी घ्यायचं नाही, कारण पाण्याने मिरची उतरत नाही, पसरते. पूर्वी एकदा कोण्या व्यापाऱ्याने तशाच हाताने बार उचलला, त्याच्या मागून आलेल्याने तो बार धरला आणि कपाळावरचा घाम पुसला. मग त्याला धरायला गेलेल्यांनीही आपापले डोळे पुसले. ती सगळी बॅच नळाखाली उभी होती म्हणे. तेव्हापासून टॉवेलच्या खुंट्याही वेगळ्या झाल्या. डावीकडे मार्केटवाले, उजवीकडे इतर. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एका ताटात जेवलो, पण जिममध्ये बापूंचा टॉवेल डावीकडे आणि माझा उजवीकडे.

बापू म्हणजे माझे यजमान. मिरचीचे व्यापारी. सगळं मार्केट त्यांना बापू म्हणतं, म्हणून हळूहळू मीही म्हणू लागले.

आम्ही दोघं जिमला जाऊ लागलो त्याला कारण होतं. मी सांगतेय तो हंगाम दोन वर्षांपूर्वीचा. त्याच्या आदल्या हंगामाच्या शेवटी, लिलाव ऐन रंगात असताना, बापूंना खोकला आला. डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, छातीत आग. मिरचीच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला याहून वेगळं काय होणार? "काही नही, ठसका शे. गूळ द्या रे," असं बापूंनीच सांगितलं. हमालांनी गूळ दिला, कोणी ताक आणलं. बापूंनी गूळ चघळत पुढचा लिलाव पुकारला आणि पुकारता पुकारताच खाली बसले. तो ठसका नव्हता. सुरतेला नेलं, स्टेंट बसला, वाचले. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी घाम बघितल्याबरोबर गाडी काढली असती. आमच्या गावाने गूळ काढला. यात कोणाला दोष द्यायचा? इथे हंगामात घाम, डोळ्यांतलं पाणी आणि छातीतली आग यांना कोणी विचारत नाही. मयतीला गेलं तरी कोण खरं रडतंय आणि कुणाला खाट लागलीय ते कळत नाही.

डॉक्टर म्हणाले, चाला, हलकी वजनं उचला, घाबरून बसू नका. पावसाळा चालण्यात गेला. दिवाळीनंतर मी बापूंना हाताला धरून रायसिंगच्या जिमचा जिना चढवला. एकटे जाणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून माझंही नाव घातलं. नवराबायको एका बॅचला हे गावाला नवीनच होतं. दोन दिवस लोकांनी आरशातून बघून घेतलं, मग सोडून दिलं.

आणि तिथे मला कळलं की जिम हे व्यायाम करायचं ठिकाण कमी आणि आपापल्या खोडी जपायचं ठिकाण जास्त. निंबाआप्पा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. ते फक्त सायकल चालवत. जागेवरची सायकल, तिला ना पुढे जायचं ना मागे. पण आप्पा आधी तिच्याभोवती एक चक्कर मारत, सीट पुसत, हँडलला हात लावून तो कपाळाला लावत. "भाभी, गाडीले हात जोडाशिवाय चालू करानी नही," असं मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. उतरताना उजवीकडच्या आरशात बघून, मागून कोणी येत नाही याची खात्री करून उतरत. बोरसे मॅडम कॉलेजात भूगोल शिकवतात. त्या बाकावर पाठ टेकायच्या आधी घरून आणलेला पेपर अंथरत. पण कुठलंही पान चालत नसे. माणसांचे फोटो असलेल्या पानावर पाठ टेकायची नाही, पुढाऱ्याच्या तर मुळीच नाही. म्हणून त्या ट्रॅक्टरच्या जाहिरातीचं पान शोधत बसत आणि ते सापडेपर्यंत दुसरा कोणीतरी बाक धरत असे. मी तरी कुठे शहाणी? माझी चटई फरशीच्या रेघेला समांतर असल्याशिवाय मी तिच्यावर पाय ठेवत नव्हते. बाटली ठेवताना तिच्यावरचं नाव भिंतीकडे. टॉवेलची घडीची बाजू डावीकडे. असं का, ते मला विचारू नका.

पण या सगळ्यांवर कडी केली बापूंनी. या माणसाने जन्मात कधी टॉवेल वाळत घातला नाही. चपला सोडल्या की एक उंबऱ्यात आणि एक तुळशीपाशी. तो माणूस जिममध्ये असा टापटिपीचा झाला की मी बघतच राहिले. आल्याबरोबर तेल, बेसन, पाणी. मग फडकं घेऊन एकेक डंबेल पुसायचं. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. मग ती रॅकवर लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची, आकडे सगळे समोर. मग चटयांचे कोपरे जुळवायचे. खिडक्यांवर ओले पडदे टांगलेले असत, खाट अडवायला. ते खाली उतरवून पिळून परत टांगायचे. मग बुटाची नाडी सोडून परत बांधायची. तोवर वेळ संपे. "चल, तुले शाळाले उशीर व्हई," असं मलाच वर सांगत. लोक त्यांना सफाईमंत्री म्हणू लागले. मी घरी येऊन जावेला फोन केला की बघ गं, सुरतेच्या डॉक्टरने माणूसच बदलून पाठवला. मला खरंच आनंद झाला होता. मी बिनडोक नाही, पण आनंद झाला की माणूस थोडा होतोच.

एके दिवशी आरशात बघताना लक्षात आलं. बापूंनी सगळ्यात हलकं डंबेल पुसलं, इकडेतिकडे बघितलं आणि उचललं. अर्धं वर नेलं आणि लगेच खाली ठेवलं. मग बंडी नीट करावी तसा हात शर्टाच्या आत घातला. हात तिथेच राहिला. डोकं जरासं कलतं. पलीकडच्या खोलीत कोणी बोलतंय का ते ऐकावं, तसे ते स्वतःच्या छातीत काय चाललंय ते ऐकत होते. मग त्यांनी तेच डंबेल परत पुसायला घेतलं. इतके दिवस त्या माणसाने काहीच उचललं नव्हतं. नुसतं पुसलं होतं. भीती वाटली की प्रत्येकजण काही ना काही आवरायला घेतो, हे मला तेव्हा कळलं. आत जे लावता येत नाही ते माणूस बाहेर लावत बसतो. मी त्यांना काही बोलले नाही. माझी चटई फरशीला समांतर होती का ते बघितलं आणि रागाने तिला एक लाथ मारली.

मार्केट तेजीत आलं तशी हवा तिखट झाली. एका सकाळी वारं पथारीकडून फिरलं, ओल्या पडद्यांना न जुमानता आत शिरलं आणि सगळ्या जिमला एकदम ठसका लागला. निंबाआप्पा सायकलवर ठसकले, बोरसे मॅडम ट्रॅक्टरवरून उठून बसल्या, रायसिंगने तोंडाला गमछा लावला. सगळे खोकत होते, नाकं पुसत होते आणि एकमेकांकडे बघून हसत होते. बापूही खोकत होते. पण हसत नव्हते. तोंड पांढरंफटक पडलं होतं. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "हाऊ ठसका मिरचीनाच शे ना?"

तो प्रश्न माझ्या अंगावर आला. आदल्या वर्षी त्यांचं स्वतःचं शरीर त्यांच्याशी खोटं बोललं होतं. किंवा शरीर खरं बोललं आणि त्यांनी ते मिरचीच्या खाती टाकलं होतं. आता कुठली आग कुणाची हे त्यांना ओळखता येत नव्हतं. जन्म मिरचीत गेलेला माणूस, नुसत्या वासावरून माल किती ओला ते सांगणारा, आणि मला विचारत होता. मला तरी काय ठाऊक? मी आजूबाजूला बघितलं आणि सुचलं ते बोलले. "बठ्ठा खोकी ऱ्हायनात ना? मंग मिरचीच शे."

ते त्यांना पटलं. चेहऱ्यावर रंग आला. आणि तोच त्यांचा नियम झाला. खोकला आला की आधी सगळ्यांची तोंडं बघायची. सगळे खोकले म्हणजे मिरची. एकटेच खोकलो तर मग बघू.

आता विचार करते तेव्हा वाटतं, मी त्या दिवशी काय हातात दिलं त्यांच्या! कारण त्यानंतर मला चैन पडेना. शाळेत पोरं झाडं काढत आणि मी खिडकीतून झेंड्याकडे बघत राही, वारं कुठल्या बाजूचं आहे म्हणून. मार्केटकडून फोन आला की हातातला खडू टाकून धावे. घरी ते खोकले की मी स्वयंपाकघरात श्वास रोखून माझ्या घशाला खाज येते का ते बघत असे. नाही आली तर हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर येत असे. "काय व्हयनं?" म्हणून ते विचारत. काही नाही म्हणत परत आत जाई. दिवसभर आतबाहेर. स्वयंपाक करपला, रंगांच्या बाटल्यांची झाकणं उघडी राहिली. मी सुद्धा आवराआवर वाढवली. कपाटातल्या साड्या रंगांप्रमाणे लावल्या, मग उलट्या क्रमाने लावल्या.

जिममध्ये मात्र चमत्कार झाला. बापू जेव्हा जेव्हा खोकत, तेव्हा तेव्हा सगळे खोकत. मला बरं वाटे. हवा सगळ्यांनाच लागतेय, असं म्हणायचे. मग एकदा मी बाटली भरायला बाहेर गेले होते आणि दारातून परत येताना बघितलं. बापू खोकले. निंबाआप्पांनी पायडल थांबवून बोरसे मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. आणि आप्पा खोकले, मग मॅडम, मग रॅकपाशी रायसिंग. आधी ठरवल्यासारखे, एकामागून एक. बापूंचे खांदे सैल झाले आणि त्यांनी पुढचं डंबेल पुसायला घेतलं.

माझे डोळे भरून आले. आणि लगेच असा संताप आला की बाटली हातातून पडली. बॅच संपल्यावर आप्पांना मी जिन्यात गाठलं. म्हटलं, "आप्पा, एखाद दिन खरंच काही व्हयनं तर? तुम्ही खोकशात आनी मी म्हणसू मिरची शे. मागे गूळ दिना तसं."

आप्पांनी टोपी काढली, परत घातली. "त्यासनं तोंड इतलंसं व्हई जास, भाभी."

"तरी. खोटं खोकानं नही."

मागे उभ्या असलेल्या रायसिंगने मान खाली घातली. "मॅडम, पहिल्यांदा मीच खोकलो," म्हणाला. "ते सगळ्यांची तोंडं बघत होते."

मी सगळ्यांना दम भरला खरा, पण त्यातून वेगळाच घोटाळा झाला. आता खरा खोकला आलेल्यालाही खोकायची चोरी झाली. बोरसे मॅडम तोंड दाबून जिन्यात पळत आणि तिथे खोकून परत येत. आप्पांचे डोळे बाहेर यायचे, पण खोकायचे नाहीत. मी म्हटलं, अहो, खरं आलं तर खोका की! त्यावर मॅडम म्हणाल्या, "आलेलं खरं आहे की बापूंना बघून आलंय, हेच आता आम्हाला कळत नाही." हसावं की रडावं!

आणि मग ती सकाळ. वारं पडलेलं. हवा इतकी स्वच्छ की रायसिंगने पडदे काढून ठेवले होते. बापू रॅकपाशी पुसत होते आणि त्यांना खोकला आला. एकदा, मग परत, मग लांबच लांब. त्यांनी सवयीने मान वर केली. आप्पा खोकले नाहीत. मॅडम खोकल्या नाहीत. रायसिंग जागचा हलला नाही. खालच्या दुकानात गोणी टाकल्याचा आवाज आला तेवढाच. बापूंनी प्रत्येकाचं तोंड बघितलं. शेवटी माझं. मला इतकं खोकावंसं वाटत होतं, काय सांगू. मी खोकले नाही.

ते बाकावर बसले. "आज कोनीच खोकनं नही," म्हणाले.

"नही."

"मंग?"

"मंग डॉक्टरकडे जाऊत."

रायसिंगने त्यांना जिना उतरू दिला नाही, खुर्चीत बसवून त्याने आणि दुकानातल्या हमालाने उचलून खाली नेलं. निंबाआप्पा रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि सगळा रस्ता त्याला "आते उजवीकडे, आते ब्रेक दाब" असं सांगत राहिले. मी बापूंचा हात धरला होता. तेलाचा वास येत होता. मी मनातल्या मनात गावातल्या सगळ्या देवांना हात जोडले आणि शिव्याही दिल्या. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, रक्त घेतलं, बसवून ठेवलं, परत पट्टी काढली. दुपार होत आली तेव्हा बाहेर येऊन म्हणाले, "हृदय छान चाललंय. घसा लाल आहे. मार्केटमध्ये तोंडाला बांधत जा, बापू." आणि बोलता बोलता त्यांनाच ठसका लागला.

परतीच्या रिक्षात बापूंनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, "बठ्ठा मन्हासाठे खोकेत. माले माहीत व्हतं."

मी वळून बघितलं. "माहीत व्हतं?"

"निंबाआप्पाले खोटं खोकता येत नही. हॉर्न वाजाडस तसा खोकस."

"मंग सांगं काबरं नही?"

बाहेर पथाऱ्या मागे जात होत्या. त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मिरचीने की कशाने, ते मी बघितलं नाही. "बरं वाटे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापू जिममध्ये आले ते सरळ रॅककडे गेले. हाताला तेल लावलं नाही म्हणून रायसिंगने परत दारात पाठवलं, तेवढंच. मग त्यांनी एक डंबेल उचललं. पुसलं नाही. वर नेलं, खाली आणलं, परत नेलं. दुसरं उचललं. रायसिंग शेजारी उभा राहून हळू, हळू म्हणत होता. झाल्यावर बापूंनी ती तिथेच जमिनीवर सोडली, एक आरशाकडे, एक बाकाखाली, टॉवेल मधल्या वाटेत. आणि पाणी प्यायला निघून गेले. आप्पा सायकल थांबवून बघत होते. माझे हात शिवशिवले. मी दोन पावलं पुढे गेले, वाकले आणि तशीच उभी राहिले. ती डंबेलं मी उचलली नाहीत. बॅच संपेपर्यंत ती तिथेच लोळत होती, आणि त्या हंगामात मला त्याहून छान काही दिसलं नाही.

तर परवा पथाऱ्या दिसल्या आणि हे सगळं परत वर आलं. दोन वर्षं झाली, बापू ठणठणीत आहेत. जिममध्ये त्यांच्या पसाऱ्याला लोक वैतागलेत. सफाईमंत्र्याचं खातं रायसिंगने काढून घेतलं. मी पण शांत झाले, असं मला वाटत होतं. पण हवा तिखट झाली आणि दोन दिवस मी घरभर फिरतेय. पाय एका जागी ठरत नाहीत. परवा टॉवेलच्या घड्या झाल्या, आज सकाळी डब्यांची झाकणं पुसली. पुसता पुसता पोह्यांना फोडणी द्यायची राहिली.

तेवढ्यात न्हाणीघरातून खोकला आला. बापूंचा. एकदा, मग परत. खिडक्या बंद होत्या. माझ्या घशाला काही होत नव्हतं. हातातलं झाकण तसंच राहिलं. आणि मला कळायच्या आत, ज्या बाईने सगळ्या जिमला दम भरला होता ती मी, ओट्याला धरून खोकले. जोरात. निंबाआप्पांपेक्षाही वाईट.

आत पाण्याचा आवाज थांबला. मग बापूंचा आवाज आला.

"खोटं खोकू नको. फोडणी दे, मंग आपन दोन्ही खरं खोकूत."